तासात की तासाने?

जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्रापाशी उन्हात पाच मिनिटे उभे राहिले, तर काळ सरकताना डोळ्यांना दिसतो. सुमारे सत्तावीस मीटर उंच चढत गेलेली तिरकी भिंत, तिच्या दोन्ही अंगांना पंखांसारख्या पसरलेल्या दगडी कमानी आणि कमानींवर आखलेल्या रेघा. त्या रेघांवरून सावलीची कड मिनिटाला साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटे पुढे जाते. एखाद्या रेघेवर बोट ठेवावे, शेजारच्याशी दोन शब्द बोलावेत, तोवर सावली बोट ओलांडून गेलेली असते.

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये जयपूर वसवले आणि १७३४ च्या सुमारास ही वेधशाळा पुरी केली. २०१० मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. जयसिंगाच्या काळी दिवस घटका-पळांत मोजला जाई. अहोरात्र साठ घटकांचे, घटका साठ पळांची, पळ साठ विपळांचे. आजच्या हिशेबात घटका म्हणजे चोवीस मिनिटे आणि पळ म्हणजे चोवीस सेकंद. सम्राट यंत्राची सावली एका पळात अडीच सेंटिमीटरच्या आसपास सरकते आणि घटकाभरात दीड मीटरहून थोडी जास्त.

हे शब्द मराठी माणसाच्या तोंडात अजून आहेत, मापे मात्र विसरली गेली आहेत. ‘घटकाभर टेका’ म्हणताना चोवीस मिनिटे कोणाच्या मनात नसतात. ‘औट घटकेचा राजा’ म्हणताना औट म्हणजे साडेतीन, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. साडेतीन घटका म्हणजे एक तास चोवीस मिनिटे. त्या राजाचे राज्य नेमके किती टिकले, हे वाक्प्रचारानेच मिनिटांत सांगून ठेवले आहे.

हिवाळ्याच्या सुटीत महाराष्ट्रातून जयपूरला सहलींच्या बसमागून बस येतात. जंतरमंतर, हवामहल, आमेर असा दिवसभराचा कार्यक्रम असतो. उतरताना सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप येतो, ‘बस अर्ध्या तासात निघेल.’ कोणी समजतो, अजून पुरा अर्धा तास हाताशी आहे. तो चहाच्या टपरीकडे वळतो. कोणी समजतो, अर्ध्या तासाच्या आत केव्हाही निघेल. तो उन्हात बसपाशीच थांबतो. दोघांनी वाचलेले वाक्य एकच. लिहिणाऱ्याच्या डोक्यात इंग्रजी ‘इन हाफ ॲन अवर’ होते. त्यातल्या ‘इन’च्या जागी त्याने ‘त’ हा प्रत्यय बसवला आणि काम झाले असे मानले.

मराठीला इथे दोन प्रत्यय आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. ‘अर्ध्या तासात’ म्हणजे अर्धा तास संपायच्या आत. ‘अर्ध्या तासाने’ म्हणजे अर्धा तास उलटल्यावर. शिंपी ‘आठ दिवसांत शिवून देतो’ म्हणतो तेव्हा तो मुदत कबूल करत असतो. ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा त्याआधी फेरी मारू नका, असे बजावत असतो. इंग्रजीतल्या ‘इन एट डेज’ला हा भेद स्वतःहून दाखवता येत नाही, तो संदर्भावरून ओळखावा लागतो. मराठीत तो एका अक्षरात दिसतो. इंग्रजी वाक्य मनात ठेवून मराठी लिहिताना हे अक्षर सर्वांत आधी निसटते.

तक्रार इंग्रजी शब्दांबद्दल नाही. काळाचे शब्द मराठीने पूर्वीपासून बाहेरून घेतले आहेत. तारीख, मुदत, साल, रोज हे अरबी-फारसीतून आले आणि घरचे झाले. तास म्हणजे आधी ठोके द्यायची धातूची थाळी. तिच्या ठोक्यावरून वेळेला तेच नाव पडले. जयपूरच्या हिंदीतला ‘घंटा’ही असाच घणघणणाऱ्या घंटेतून आला. फारसी ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवस. जयपुरात तो आजही आठवडाच आहे, मराठीत मात्र ‘हप्ता’ म्हणजे कर्जाची किंवा विम्याची ठरल्या वेळी भरायची रक्कम. मिनिट आणि सेकंद यांनाही मराठीने आपले प्रत्यय लावून कधीच कामाला जुंपले आहे. मिनिटभर, मिनिटागणिक, सेकंदासेकंदाला. शब्द पाहुणा म्हणून येतो आणि घरच्या रीतीने वागू लागतो, तोवर भाषेचे काही बिघडत नाही. वाक्याची चालच परकी झाली, की अर्थ हलतो.

‘शेवटच्या दहा वर्षांत’ हे घ्या. वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर, कंपन्यांच्या पत्रकांत, विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे शब्द रोज दिसतात. मूळ इंग्रजी ‘इन द लास्ट टेन इयर्स’. मराठीत ‘शेवटचा’ म्हणजे ज्याच्यापुढे काही नाही तो. एखाद्या गायिकेने ‘शेवटच्या दहा वर्षांत’ तीन नवे राग बांधले, असे वाचले की जाणत्या वाचकाच्या मनात आधी येते, बाई गेल्या की काय? बाई मजेत असतात आणि परवाच त्यांची मैफल झालेली असते. लिहायचे असते ‘गेल्या दहा वर्षांत’. ‘गेल्या’ म्हटले की दहा वर्षे आजपर्यंत मोजली जातात आणि पुढची वाट मोकळी राहते.

तीच गत ‘साठी’ची. ‘मंत्र्यांनी दोन तासांसाठी चर्चा केली’, ‘गावात सहा तासांसाठी वीज नव्हती’. इथे इंग्रजी ‘फॉर’चे भाषांतर झाले आहे. मराठीत दोन तास चर्चा होते आणि सहा तास वीज नसते. कालावधी सांगायला नुसते नाम पुरते, त्याला प्रत्ययाची कुबडी लागत नाही. ‘साठी’ मात्र बिनकामाचा नाही. ‘मुलगी दोन वर्षांसाठी जयपूरला गेली’ यात ठरवून जाणे आहे, परतायचा बेत आहे. ‘मुलगी दोन वर्षे जयपूरला होती’ यात ती किती काळ राहिली एवढेच आहे. जिथे तिथे ‘साठी’ लावत गेलो, तर बेत कोणता आणि घडले ते कोणते, हे सांगण्याची सोय हातची जाईल.

देवाणघेवाण एकाच दिशेने होते असेही नाही. ‘आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे भारतीय इंग्रजीतले सर्वांना परिचित वाक्य. हिंदीतल्या ‘दस साल से’ची ती सावली आहे. इंग्रजीच्या शिक्षकाला ते खटकते आणि तो ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहितो. तेवढ्याच दक्षतेने मराठीच्या शिक्षकाने ‘दोन तासांसाठी चर्चा’मधला ‘साठी’ खोडायला हवा.

इंग्रजी या बाबतीत स्वतःही नेहमी सरळ नसते. ‘बायमंथली’ म्हणजे महिन्यातून दोनदा, की दोन महिन्यांतून एकदा? मेरियम-वेब्स्टर हा नावाजलेला शब्दकोश दोन्ही अर्थ देतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून दर दोन महिन्यांनी पतधोरण जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रजीत हाच शब्द वापरला. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘द्वैमासिक पतधोरण’ म्हटले आणि वाचकाला काही विचारावे लागले नाही. मराठी नियतकालिकांची अख्खी बाराखडी अशीच स्वच्छ आहे. साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, द्वैमासिक, त्रैमासिक, षण्मासिक, वार्षिक. शाळेची सहामाही, कंपनीची तिमाही. ‘बायवीकली’ म्हणणाऱ्याला पुढे खुलासा करावा लागतो. ‘आठवड्यातून दोनदा’ किंवा ‘पंधरवड्यातून एकदा’ म्हणणाऱ्याला तो करावा लागत नाही.

पंधरवड्याचीच गंमत पाहावी. इंग्रजी ‘फोर्टनाइट’ हा ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या जुन्या शब्दांतून झाला. मराठी पंधरवडा आणि जयपूरचा ‘पखवाड़ा’ यांच्या मुळाशी पंधरा तिथींचा पक्ष आहे. सात दिवसांच्या काळाला मराठी आठवडा म्हणते, कारण इथे पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरून मोजायची रीत. मंगळवारच्या बाजारापासून पुढच्या मंगळवारच्या बाजारापर्यंत बोटे मोडली तर आठ भरतात. फ्रेंच लोकही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतात. यात चूक कोणाची नाही, मोजणे कोठून सुरू केले एवढाच फरक आहे. पण ज्याला हा फरक ठाऊक नाही, तो भाषांतर करताना एक दिवस हरवून बसतो.

जयपुरात घर केलेल्या मराठी कुटुंबांना हा हिशेब दरवर्षी नव्याने जुळवावा लागतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, राजस्थानात पौर्णिमेला. त्यामुळे शेजाऱ्यांचे सावन सोमवार सुरू होतात तेव्हा मराठी घरातल्या दिनदर्शिकेत आषाढच चालू असतो. पुढे जन्माष्टमी येते. मराठी पंचांगात ती श्रावण वद्य अष्टमी, जयपूरच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी. महिन्याचे नाव वेगळे, पण दिवस तोच. गोविंददेवजींच्या मंदिरात रात्री जमणाऱ्या गर्दीत दोन्ही पंचांगांची माणसे असतात. आपल्या परंपरेतही काळाचे शब्द आपोआप उलगडत नाहीत, ते कोण कुठे बोलतो आहे हे पाहावे लागते. मराठीने ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे ठेवले, जयपूरचा ‘कल’ दोन्हीकडे जातो. पण मराठीचा ‘परवा’ही दोन्हीकडे जातोच. क्रियापद पाहिल्याशिवाय तो मागचा की पुढचा, हे कळत नाही.

असा बारकाईचा हिशेब करणाऱ्यांत जयसिंगाच्या पदरी मराठी माणसे होती. त्याचे गुरू रत्नाकरभट्ट पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांचा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा ग्रंथ कोणते व्रत कोणत्या तिथीला, तिथी दोन दिवसांत विभागली तर कोणत्या दिवशी, अशा कालनिर्णयाच्या प्रश्नांचा आहे. जयपूरच्या ब्रह्मपुरीत पुंडरीकांची हवेली आजही उभी आहे आणि तिच्या एका दालनातली चित्रे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. जगन्नाथ सम्राट हेही मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. युक्लिडच्या ग्रंथाला त्यांनी ‘रेखागणित’ असे नाव दिले. परक्या भाषेतली विद्या घ्यायची आणि ती आपल्या भाषेच्या चालीत मांडायची, हे काम त्या दरबारात मराठी पंडितांनी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.

आज काळाच्या शब्दांतल्या हलगर्जीची किंमत सर्वांत आधी मोजावी लागते ती सरकारी कागदावर. ‘नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत’ या शब्दांत पंधरावा दिवस कोणता? १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या नवव्या कलमानुसार कायद्यात ‘फ्रॉम’ वापरले की पहिला दिवस वगळला जातो. त्याचे भाषांतर ‘पासून’ असे होते. बोलण्यातल्या मराठीत मात्र ‘सोमवारपासून उपवास’ म्हटले की सोमवारी उपवास असतोच. कायद्याचा ‘पासून’ एक दिवस सोडतो, घरातला सोडत नाही. तीन महिने आणि नव्वद दिवस यांतही असेच अंतर आहे. २०१० मध्ये हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. महिना हा तारखेवरून त्याच तारखेपर्यंत मोजायचा. तिथे मुदतीच्या काठावरचे थोडे दिवसच निर्णायक होते. मोठ्या पक्षकाराला असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेता येतो. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी तहसीलदाराकडे खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला नेता येत नाही. त्याच्या नोटिशीवर ‘शेवटची तारीख अमुक’ एवढी एक ओळ छापली, तर ‘पासून’चा पेच उरणारच नाही.

औषधाच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो आणि अशा चुकांतून जगभर मृत्यू झाले आहेत. म्हणून औषध-सुरक्षेचे जाणकार चिठ्ठीवर वाराचे नावच लिहायला सांगतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २००४ मध्ये काही संक्षेप वापरायला मनाई केली. त्यांत ‘क्यूडी’ म्हणजे रोज आणि ‘क्यूओडी’ म्हणजे एक दिवस सोडून एक, हे दोन होते. हाताने लिहिलेले हे दोन संक्षेप एकमेकांसारखे दिसतात आणि निम्मा डोस दुप्पट होऊन बसतो.

आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’ ही अक्षरे असतात. सत्तरीतल्या आजी ती चिठ्ठी हातात धरून दुकानाच्या काउंटरशी उभ्या असतात. दुकानदार पाकिटावर पेनाने काही रेघा मारतो आणि म्हणतो, ‘आजी, ही वन्स अ वीक हं.’ आजींच्या कानांवर ‘वीक’ पडते. त्या घरी जाऊन नातवाला विचारतात, नातू शाळेतून आलेला नसतो. याच ठिकाणी ‘आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी’ असे मराठीत लिहायला दुकानदाराला किती वेळ लागतो? जयसिंगाच्या मापाने एक पळ.

आणि एक दिवस सोडून एक हे सांगायला मराठीला संक्षेप लागतच नाही, तिच्याकडे ‘दिवसाआड’ आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही बाईला दिवसाआड पाणी आणि दोन दिवसांआड पाणी यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. हंडे किती भरून ठेवायचे ते त्यावरच ठरते. दिवसाआड म्हणजे दर दुसऱ्या दिवशी, दोन दिवसांआड म्हणजे दर तिसऱ्या दिवशी. इंग्रजी बातमीत ‘दोन दिवसांआड’चे ‘एव्हरी टू डेज’ झाले, की कागदावर एक दिवस आधीच नळाला पाणी येते.

अशी हत्यारे हाताशी असताना ती गंजू द्यायची का, हा खरा प्रश्न आहे. एकेकाळी मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. ते पाढे आता कोणी म्हणणार नाही आणि म्हणायला हवेत असेही नाही. पण ‘पाऊण तास’ म्हटल्यावर मूल ‘म्हणजे फोर्टी फाइव्ह मिनिट्स का?’ असे विचारते, तेव्हा आजीने सांगितलेली वेळ त्याला समजलेली नसते. जयपूरच्या बाजारात आजही सवा, डेढ़, ढाई, पौने यांच्यावर व्यवहार चालतो. तिथे फिरणाऱ्या मराठी मुलाला दुकानदाराचा ‘पौने घंटे में आइए’ कळायचा, तर घरी पाऊण तास कानावर पडलेला हवा.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्या दर्जाचा उपयोग ग्रंथांबरोबर पाकिटांवर आणि नोटिशींवरही दिसला पाहिजे. राज्य शासनाने प्रत्येक नोटिशीवर मुदतीची शेवटची तारीख आणि वार छापावा. औषधविक्रेत्यांनी डोसाचे वेळापत्रक मराठी शब्दांत लिहून द्यावे आणि आठवड्याच्या गोळीवर वार घालावा. वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या संपादकीय खोल्यांत ‘शेवटच्या’, ‘साठी’ आणि ‘तासात’ या तीन ठिकाणी मजकूर तपासणाऱ्याने क्षणभर थांबावे. यातल्या कशालाही निधी लागत नाही, समिती लागत नाही.

आषाढी पौर्णिमेला जयपूरचे ज्योतिषी सूर्यास्ताच्या वेळी सम्राट यंत्रावर ध्वज घेऊन चढतात. वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून चौमासा कसा जाईल याचा अंदाज सांगतात. तो अंदाज खरा ठरो न ठरो, ‘चौमासा’ म्हणजे किती आणि कोणते दिवस हे खाली जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे शेतात सऱ्या सोडून अडसाली उसाच्या लागणीची तयारी सुरू होते. अडसाली म्हणजे सोळा ते अठरा महिन्यांचा ऊस. शेतकरी हा एक शब्द उच्चारतो आणि कारखान्याच्या चिटणिसापासून सोसायटीच्या कारकुनापर्यंत सगळ्यांना कळते, की ही तोड येत्या दिवाळीनंतरची नाही, पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतरची आहे.